मॅन्युअल फोकसची लांब टेलिफोटो: आधी ओझं पेला, मग रिंगला हात लावा

जुनी लेन्स घेतली की साधारण दुसऱ्या रविवारी फोन येतो. "लेन्स सॉफ्ट (पुसट) निघाली. फसलो." हाताने फोकस करायची जुनी ४०० मिमी लेन्स, अ‍ॅडॉप्टर लावून मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर चढवलेली. फोटो मागवून बघावेत तर बहुतेक वेळा लेन्स ठणठणीत असते. चुकलेला असतो क्रम. माणूस लेन्स डोळ्याला लावतो, लगेच रिंग फिरवायला लागतो, पक्षी उडेल या धास्तीने बटण दाबतो आणि आपण नीट उभे नव्हतो हे त्याला सगळं झाल्यावर कळतं.

ऑटोफोकस लेन्सवर डाव्या हाताला एकच काम असतं, ओझं पेलायचं. इथे त्याच हाताने रिंगही फिरवायची असते. ही दोन कामं एकमेकांत गुंतली की दोन्ही बिघडतात. खालचे सगळे टप्पे ती वेगळी करण्यासाठी आहेत. उदाहरणं ३०० आणि ४०० मिमीची, एफ/४.५ ते एफ/५.६ (लेन्सचं भोक किती उघडतं त्याचा आकडा) ची घेतली आहेत, कारण किलो-सव्वा किलोच्या या लेन्स माणसाला हातात धरता येतात. ६०० मिमी एफ/४ सारखं धूड असेल तर हातात धरून टिपण्याचा नाद सोडा आणि थेट सहाव्या टप्प्यावर जा.

## १. आधी निदान

मागच्या खेपेचे वीस बिघडलेले फोटो काढा आणि १०० टक्के मोठे करून बघा. पुसट फोटो चार कारणांनी येतो आणि चौघांची खूण वेगळी असते.

शेक, म्हणजे हाताची थरथर: फोटोभर सगळ्या कडा एकाच दिशेने दुहेरी. पक्षी, फांदी, मागचं पान, सगळं सारखंच ओढल्यासारखं.

चुकलेला फोकस: पक्षी पुसट, पण त्याच्या वीतभर मागचं किंवा पुढचं गवत चक्क तीक्ष्ण.

हललेला विषय: फांदी तीक्ष्ण, पक्ष्याची मान पुसट. इथे लेन्सही निर्दोष आणि हातही, फक्त शटर स्पीड कमी पडला.

तापलेली हवा: हे सर्वांत फसवं. सुप्याच्या माळावर उन्हं चढल्यावर शंभर मीटरवरचा चिंकारा कितीही भारी ट्रायपॉडवरून टिपा, पाण्यातून बघितल्यासारखाच येणार. पाठोपाठच्या पाच फोटोंत पाच वेगवेगळ्या जागा पुसट दिसल्या तर ही हवा आहे असं समजा. उपाय एकच: लवकर जा किंवा जवळचा विषय निवडा. गाडीतून टिपत असाल तर एसी बंद करून काचा आधीच उघडून ठेवा, कारण आतली-बाहेरची हवा खिडकीत मिसळताना हाच घोळ होतो. तापलेल्या बॉनेटवरून तर फोटो काढूच नका.

शेकच्या बाबतीत एक आकडा लक्षात असू द्या. फुल फ्रेमवर (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरवर) ४०० मिमी लेन्स आडवी जेमतेम पाच अंश बघते. कॅमेऱ्यापासून हूडच्या (लेन्सच्या तोंडावरच्या छत्राच्या) टोकापर्यंत फूटभर अंतर आहे असं धरा. ते टोक फक्त एक मिलिमीटर खाली झुकलं तरी २४ मेगापिक्सेलच्या चित्रात पक्षी दोनशेहून जास्त पिक्सेल सरकतो. म्हणजे "मी तर अजिबात हललो नाही" या वाक्याला इथे काही किंमत नाही.

तपासा: वीस फोटोंपुढे श, फ, वि, ह अशी अक्षरं लिहा. श जास्त आले तर तिसरा आणि सहावा टप्पा आधी वाचा, फ किंवा वि आले तर पाचवा; ह चा उपाय वर सांगितलाच आहे.

## २. घरून निघण्यापूर्वी

बाहेर गेल्यावर मेनू उघडून बसणं म्हणजे लग्नाच्या मांडवात शेरवानी शिवायला बसणं. हे सगळं आदल्या रात्री उरका.

अ‍ॅडॉप्टर. लेन्स बसवून हलकेच पिळून बघा. खुळखुळ जाणवली तर रिंग फिरवताना तेवढाच झोल आधी संपेल आणि मग फोकस हलेल. असला अ‍ॅडॉप्टर बदला, त्याच्याशी जुळवून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

लेन्सशिवाय शटर. अ‍ॅडॉप्टरमधून कॅमेऱ्याला विजेचा संपर्क मिळत नसेल तर त्याला वाटतं, लेन्सच नाही. मेनूत लेन्स नसतानाही शटर चालू द्यायचा पर्याय असतो, तो सुरू करा.

स्टॅबिलायझेशनला फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) सांगा. सर्वांत जास्त चुका इथे होतात. कॅमेऱ्याच्या आतलं स्टॅबिलायझेशन हाताच्या थरथरीला किती उलट सरकायचं ते फोकल लेंथवरून ठरवतं. जुनी लेन्स ती कळवत नाही, तुम्हालाच भरावी लागते. काल ५० मिमी लावली होती आणि आकडा तसाच राहिला, तर आज ४०० वर सेन्सर पुरेसा सरकणारच नाही. उलट केलंत, म्हणजे ४०० भरून ५० लावली, तर तो नको इतका सरकेल आणि चांगला हातसुद्धा बिघडवेल. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असला तरी लेन्सवर छापलेलाच आकडा भरा. ४०० म्हणजे ४००, दीडपट करून ६०० नव्हे. १.४ पट टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंथ वाढवणारा जोड) लावला असेल तर मात्र ५६०.

एक्स्पोजर. मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्याने ठरवायची). शटर स्पीड तुमच्या ताब्यात, अ‍ॅपर्चर (तेच भोक) लेन्सच्या रिंगवर, उरलेलं कॅमेरा बघेल. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं किंवा एक स्टॉप (एक पायरी) बंद, यातलं एक सकाळीच ठरवा. फ्रेम लावल्यावर अ‍ॅपर्चर रिंग शोधत बोटं फिरली की पकड मोडते.

कॉलर, म्हणजे लेन्सभोवतीचं ट्रायपॉडला जोडायचं कडं. ट्रायपॉड कॉलरचा पाय हाताला टोचत असेल तर तो फिरवून वर न्या आणि स्क्रू घट्ट करा. वर आलेला पाय उचलून न्यायला मूठ म्हणूनही बरा पडतो.

सांभाळा: पट्टा कॅमेऱ्याला नको. लेन्सला कड्या असतील तर तिथे लावा, नसतील तर कॉलरच्या पायाला. सव्वा किलोची लेन्स कॅमेऱ्याच्या माउंटवर (लेन्स बसते त्या तोंडावर) लोंबकळत ठेवली की माउंट आणि अ‍ॅडॉप्टर दोघांवर ताण येतो.

## ३. पकड

तोल शोधा. टॉवेलची गुंडाळी करून टेबलावर ठेवा आणि कॅमेरा लावलेली लेन्स तिच्यावर आडवी टेकवा. पुढे-मागे सरकवत जिथे ती समतोल राहील ती जागा लक्षात ठेवा, हवं तर चिकटपट्टीचा तुकडा लावा. डाव्या तळहाताची टाच कायम इथे राहील. जुन्या ३०० मिमीमध्ये जवळ फोकस केलं की नळी पुढे येते आणि तोलही थोडा पुढे जातो. आतल्या आत फोकस होणाऱ्या लेन्समध्ये ही कटकट नसते.

तळहात खालून. पंगतीत भरलेलं ताट तळहातावर पेलतात तसं. वरून किंवा बाजूने मूठ आवळली की मनगट ताणतं, ताणलेलं मनगट थरथरतं आणि बोटं रिंगवर मोकळी राहत नाहीत.

आता फारकत. ओझं तळहाताच्या टाचेवर आणि करंगळी-अनामिकेवर. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रिंगवर, हलकी. जमलं की नाही हे कळायची सोपी खूण आहे: ती तीन बोटं पूर्ण उचला. लेन्स होती तिथेच राहिली तर पकड बरोबर. खचली तर तुम्ही रिंगनेच लेन्स धरून ठेवली होती. रिंग तोलाच्या जागेपासून फार पुढे असेल तर टाच कॉलरखाली ठेवून बोटं पुढे लांबवा. सगळा हात पुढे नेऊ नका.

कोपर. डावं कोपर बरगड्यांना टेकवा. पोट थोडं पुढे असेल तर आज त्याचा उपयोग आहे, कोपर त्यावर टेका. उजवं कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर काढू नका.

डोळा. व्ह्यूफाइंडरचं रबर भुवईच्या हाडाला पक्कं टेकलं पाहिजे. दोन हात आणि कपाळ असे तीन आधार होतात. मागच्या स्क्रीनवर बघत, हात लांब करून ४०० मिमी धरणाऱ्याला मी काही सांगत नाही.

पाय. डावा पाय विषयाच्या दिशेने थोडा पुढे, उजवा मागे तिरका, गुडघे सैल. बसायला जागा असेल तर बसाच. बसताना कोपराचं हाड गुडघ्याच्या वाटीवर टेकवू नका, हाडावर हाड घसरतं. दंडाचा मांसल भाग गुडघ्याच्या आतल्या बाजूला टेकवा. झाड किंवा भिंत मिळाली तर खांदा टेका, लेन्स नव्हे.

तपासा: या पकडीत पंधरा सेकंद उभे राहा. त्याआधीच हात थरथरू लागला तर कोपर सुटलेलं आहे. आणि पक्षी काही करेल म्हणून लेन्स डोळ्याला लावून वाट बघत राहू नका. खाली घ्या, मोक्याला वर आणा.

## ४. विषय सापडणं

लेन्स वर आणली आणि आत नुसता धुरकट राखाडी रंग. पक्षी कुठे गेला? बहुतेक वेळा तो फ्रेममध्येच असतो, पण फोकस इतका लांब असतो की तो विरघळून जातो. म्हणून आधी अंतर लावा. जुन्या लेन्सवर मीटर आणि फुटांची पट्टी कोरलेली असते. पक्षी अंदाजे बारा मीटरवर आहे? मग लेन्स खाली असतानाच रिंग बारावर आणा. मगच उचला.

उचलताना नजर पक्ष्यावरून हलवू नका. लेन्सकडे बघायचं नाही. लेन्सने नजरेच्या रेषेत यायचं.

रिंग कुठल्या बाजूला फिरवली की जवळ येतं हे बोटांना पाठ हवं. निकॉन आणि कॅननच्या जुन्या लेन्सच्या रिंगा एकमेकींच्या उलट फिरतात. घरात दोन्ही असतील तर एका दिवशी एकच न्या.

सांभाळा: मावळत्या सूर्यासमोरून जाणारे रोहित (फ्लेमिंगो) हा मोह मोठा. पण आरशाच्या, म्हणजे ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरच्या कॅमेऱ्यातून लांब लेन्सने सूर्याकडे बघू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.

## ५. फोकस आणि क्लिक

४०० मिमी, एफ/५.६, विषय १० मीटरवर: फुल फ्रेमच्या नेहमीच्या हिशेबाने तीक्ष्ण पट्टा साधारण २१ सेंटिमीटरचा. ५ मीटरवर तोच सुमारे ५ सेंटिमीटर. स्क्रीनवर मोठं करून बघणाऱ्याने याच्या निम्माच धरावा. आणि उभा माणूस श्वासागणिक मागे-पुढे डुलत असतो. त्यामुळे जवळच्या विषयावर फोकस बरोबर लावूनही फोटो चुकतो. तुम्ही लावलेला फोकस तिथेच राहतो, तुम्ही सरकता.

क्रम असा ठेवा.

अ) पकड लावा. रिंगवरची बोटं अजून स्थिर.

आ) रिंग फिरवत पक्ष्याचा डोळा तीक्ष्ण होऊ द्या आणि थोडं पुढे जाऊ द्या. मग मागे या. पुन्हा पुढे, पण कमी. तबलजी हातोडीने सूर लावताना पुढे-मागे करत मधला स्वर पकडतो, तसंच. एकाच दिशेने येत "झालं वाटतं" म्हणून थांबणारे नेहमी अलीकडेच थांबतात.

इ) फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर. छातीवर नाही, चोचीवर तर नाहीच.

ई) बोटं थांबवा. अर्धा श्वास सोडा, उरलेला धरा. बटण झटक्याने दाबू नका, हळूहळू दाबत न्या. आणि तीन-चार फोटोंचा छोटा बर्स्ट घ्या. पहिल्या फोटोत बटण दाबल्याचा धक्का असतो, दुसरा-तिसरा बहुधा चांगला निघतो. शिवाय डुलण्यामुळे एखादा आपोआप तीक्ष्ण पट्ट्यात येतो.

फोकस पीकिंगवर फार भिस्त ठेवू नका. जिथे कडा ठळक तिथे तो रंग भरतो, आणि तो रंगलेला पट्टा खऱ्या तीक्ष्ण पट्ट्यापेक्षा रुंद असतो. तीव्रता सगळ्यात कमी ठेवा, म्हणजे निदान खोटं कमी बोलेल. बसलेल्या पक्ष्यासाठी मॅग्निफायर खरा. एक बटण त्याला नेमून द्या: मोठं करा, डोळ्यावर फोकस लावा, बाहेर या, टिपा. मोठं केल्यावर चित्र थयथय नाचतं, घाबरू नका. अनेक कॅमेऱ्यांत बटण अर्धं दाबलं की स्टॅबिलायझेशन सुरू होऊन दृश्य शांत होतं, पण काहींत त्याच वेळी मॅग्निफायरही बंद होतो. तुमचा काय करतो ते घरीच बघा.

आणखी एक सापळा अनंताचा (इन्फिनिटी, रिंगवरचं सगळ्यात लांबचं अंतर). "लांबचं आहे ना, मग रिंग शेवटपर्यंत फिरवली." बऱ्याच ईडी (रंगदोष कमी करणाऱ्या) काचेच्या टेलिफोटो मुद्दाम अनंताच्या पुढेही फिरतात, कारण तापमानाने फोकस सरकतो. अ‍ॅडॉप्टर केसभर आखूड असला तरी तेच होतं. शेवटच्या टोकाला नेलेली रिंग म्हणजे चंद्रही पुसट. लांबचा विषयही डोळ्याने बघूनच लावा.

शटर स्पीडची सुरुवात जुन्या नियमाने: एक भागिले फोकल लेंथ, म्हणजे ४०० ला १/४००. क्रॉप सेन्सरला १/६००. १०० टक्के मोठं करून बघायची सवय असेल तर याच्या दुप्पट. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पक्ष्याची मान नाही. आणि फोकल लेंथ वाढेल तसा सेन्सरला जास्त सरकावं लागतं, म्हणून जाहिरातीतले पाच-सहा स्टॉप ४०० वर मिळतील असं धरून चालू नका. आयएसओ वाढवायला कचरू नका. दाणे नंतर कमी करता येतात, दुहेरी कडा नाही.

उडत्या पक्ष्याची सुरुवात आडवा जाणाऱ्यापासून करा. अंगावर येणारा पक्षी पहिल्याच दिवशी घेतलात तर लेन्स विकायला काढाल. वेडा राघू त्याहून सोपा, कारण तो माशी पकडून पुन्हा त्याच काटकीवर येतो. काटकीवर फोकस लावा, बोटं काढा, वाट बघा, १/१६०० ठेवा आणि तो फ्रेमच्या कडेला शिरताच बर्स्ट सुरू करा. इथे रिंगला हात लावायचाच नसतो.

## ६. टेकू

बीनबॅग. सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. जाड कापडाची पिशवी, दोन तृतीयांश भरलेली. गच्च भरली तर लेन्स तिच्यात रुतत नाही, वर डुगडुगते. आत राजमा, वाटाणे किंवा तांदूळ. मी एकदा मटकी भरली होती. भिगवणला अवकाळी पावसात पिशवी भिजली, गाडीच्या डिकीत दोन दिवस विसरली, आणि उघडली तेव्हा झकास मोड आले होते. तेव्हापासून आत आधी प्लॅस्टिकची पिशवी, मग धान्य. लेन्स तोलाच्या जागेवर टेकवा आणि डावा हात लेन्सच्या वरून ठेवून हलकेच खाली दाबा. रिंग फिरवायची तेवढी बोटं सोडा. जिप्सीत असाल तर चालकाला इंजिन बंद करायला सांगा, मागच्या सीटवरच्यांना स्तब्ध बसायला सांगणं जास्त अवघड.

होडीत मात्र उलटं. भिगवणजवळच्या कुंभारगावच्या होडीच्या काठावर बीनबॅग ठेवली की मोटारीची सगळी थरथर लेन्समध्ये येते. मोटार बंद होऊन होडी थांबेपर्यंत लेन्स हातातच धरा, कमरेवरचं शरीर सैल. आणि नावाड्याला "अजून जवळ घ्या" म्हणत बसू नका. थवा उठला की तुमचाही फोटो गेला आणि मागच्या होडीचाही.

मोनोपॉड. कॉलरला लावा, कॅमेऱ्याला कधीच नको. उंची डोळ्यापेक्षा चार बोटं जास्त, खालचं टोक थोडं पुढे, आणि तुम्ही त्यावर किंचित रेललेले. तुमचे दोन पाय आणि तो तिसरा. पुढे-मागे झुकणारं साधं हेड पुरतं. बॉलहेड (गोळ्यावर सगळीकडे फिरणारं) लावलंत तर लेन्स बाजूला कलंडत राहील. मॅन्युअल फोकसला मोनोपॉड फार मानवतो, कारण ओझं त्याच्याकडे गेलं की डाव्या हाताला रिंगचंच काम उरतं.

ट्रायपॉड. एक पाय लेन्सच्या दिशेने पुढे, मधला दांडा पूर्ण खाली. लेन्स पुढे-मागे सरकवून प्लेटवर तोल साधा: हेडचे स्क्रू सैल केल्यावरही ती आपोआप झुकता कामा नये. गिंबल (लांब लेन्ससाठीचं झुलतं हेड) असेल तर हीच परीक्षा खाली-वर दोन्ही बाजूंनी घ्या. मग डावा हात कॉलरच्या वर लेन्सवर ठेवा, डोळा रबराला टेकवा. आपलं वजन थरथर शोषून घेतं. शटर १/६० च्या खाली गेलं की पद्धत बदलते: हात काढा, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट लावा, आरशाचा कॅमेरा असेल तर आरसा आधी वर उचलून ठेवा. मिररलेसवर इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन सुरू करा, यांत्रिक पडद्याचा पहिला धक्का वाचतो. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर बसलेल्या पक्ष्याला चालतं, पण उडत्याचे पंख अनेक कॅमेऱ्यांत वाकडे येतात. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन सुरू आणि बंद, दोन्ही करून बघा. काही कॅमेरे तिथे उगाच हलवाहलव करतात.

सांभाळा: वारा असेल तर हूड लहान करा किंवा काढा आणि लोंबणारा पट्टा सोडवा. तो फडफडत ट्रायपॉडच्या पायावर आपटतो आणि आपण दोष लेन्सला देत बसतो.

## ७. स्वतःचा आकडा काढा

१/४०० वगैरे सरासरी माणसासाठी. तुमचा आकडा तुमच्याच हातातून काढावा लागतो, आणि त्याला पक्षी लागत नाही. सोसायटीच्या पार्किंगमधली स्वतःची गाडी पुरते. वीस पावलांवर उभे राहा, नंबरप्लेटवर फोकस लावा. १/८०० ला दहा फोटो, मग १/४००, १/२००, १/१०० आणि त्यांच्या मधले स्पीड, प्रत्येकी दहा. प्रत्येक फोटोला लेन्स पूर्ण खाली घ्या, पुन्हा उचला, पुन्हा फोकस करा. एकदा लावून दहा दाबलेत तर ती फक्त हाताची परीक्षा झाली, फोकसची नाही. मग हेच बसून आणि मोनोपॉडवर.

कॉम्प्युटरवर बघताना प्लेटवरच्या स्क्रूची कड बघा, अक्षरं डोळ्याला फसवतात. दहातले आठ नीट आलेला सगळ्यात कमी स्पीड हा तुमचा आकडा. माझा ४०० वर उभं राहून १/६४० आहे, बसून १/३२०, मोनोपॉडवर १/१६०. चहा न घेता. घेतल्यावर उभ्याचा १/८०० होतो, म्हणून सकाळच्या फेरीत थर्मास गाडीतच राहतो.